तीन तासांची वाट

शहापूर-मुरबाडकडील ज्या घरांतील मुलगा किंवा जावई दुबईस नोकरीस आहे, तेथे ‘दुबई ती काय, तीन तासांची तर वाट!’ हे वाक्य हटकून कानीं पडते. वाक्य खोटे नव्हे. मुंबई ते दुबई हे आकाशमार्गाचे अंतर सुमारे १,९०० किलोमीटर असून विमानास ते कापावयास साधारणतः तीन तास पुरतात. जाताना थोडे अधिक, येताना थोडे कमी. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, विशेषतः हिवाळ्यात, येणाऱ्या विमानास पाठीमागून रेटा देतात. दुबईचे घड्याळ आपल्याहून दीड तास मागे असल्यामुळे तेथून सकाळी दहास निघालेला मनुष्य मुंबईस दुपारी सवादोनच्या सुमारास उतरतो.

परंतु हे तीन तास विमानाचे झाले; मनुष्याचे नव्हेत. मुरबाड तालुक्यातून वर चढणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळी कोकणची बंदरे व जुन्नर यांना जोडीत असे. त्या वाटेने बैल हाकणारा व्यापारी नुसते कोस मोजून स्वस्थ बसत नसणार. चढण, पाऊस, जकात आणि मुक्काम ही सर्व त्यास हिशेबात धरावीच लागत असतील. आपण मात्र आकाशातील वाट तेवढी मोजतो आणि जमिनीवरची विसरतो.

आता सरळ हिशेब करून पाहू. दुबईतील बिऱ्हाडापासून विमानतळापर्यंत एक तास; तेथे उड्डाणापूर्वी तीन तास हजर राहावयाचे; विमानात पावणेतीन तास; सहार येथे पारपत्राची तपासणी व सामान यांत आणखी एक तास. तेथून शहापूर किंवा मुरबाड मोटारीने दोन-अडीच तास, आणि भिवंडी वा कल्याणच्या गर्दीत अडकल्यास तीन. शहापूरकरास निदान आसनगावचे स्टेशन जवळ आहे. मुरबाडास अद्याप रेल्वेच नाही. बेरीज दहा-अकरा तासांवर जाते. यात रजा मिळविणे आणि तिकीट काढणे धरलेलेच नाही!

हा हिशेब मांडण्याचे कारण गंभीर आहे. घरातील वडीलधारे माणूस आजारी पडले की, ‘पोराला उगीच घोर कशाला? तीन तासांवर तर आहे, अगदीच तसे वाटले तर बोलावू,’ असे म्हणून बातमी दडविली जाते. हेतू मायेचाच असतो. पण त्यापायी मुलास मातापित्यांची शेवटची भेट अंतरते आणि ती रुखरुख त्यास जन्मभर पुरते. २०१३ साली तारखाते बंद झाले, तरी वाईट बातमी अगदी शेवटी कळवावयाची ही तारेच्या काळची रीत अजून आपल्या घरांतून गेलेली नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : प्रकृतीत उतार दिसताच मुलास खरी स्थिती कळवावी, यावयाचे की थांबावयाचे, हे त्याचे त्यास ठरवू द्यावे. सहारला मोटार घेऊन कोणी जावयाचे, हेही घरात आधीच ठरलेले असावे. विमानाचा वेग वाढविणे आपल्या हातीं नाही; पण निरोपास होणारा उशीर टाळणे सर्वस्वी आपल्याच हातीं आहे.