सतरा भोकांचा हिशेब

आमच्या जुन्या बिऱ्हाडाच्या भिंतींत एकंदर सतरा भोके होती. हा आकडा मला तोंडपाठ आहे. ती मी मोजली नव्हती, घरमालकांनी मोजली आणि दर भोकाला शंभर रुपये असा भावही त्यांनीच लावला.

वाचकहो, दिवाळी जवळ आली की तुम्ही घराला रंग काढता. आम्ही बिऱ्हाडकरू मंडळी घर सोडताना रंगाचे पैसे देतो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या दिवाळीसाठी.

कोथरूडच्या त्या जागेत आम्ही अकरा-अकरा महिन्यांचे चार करार काढले. भाडे २२,००० रुपये, अनामत १ लाख. मालक निवृत्त गृहस्थ, स्वभावाने सौम्य. गणपतीत त्यांच्याकडून मोदक येत. "मॅडम, घर आपलंच समजा," असे ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. शेवटच्या दिवशी वही आणि पेन्सिल घेऊन आले. रंग १८,०००, भोके १,७००, शेगडीमागच्या फरशीवरचा डाग २,०००, न्हाणीघराच्या दाराचा फुगलेला तळ ३,५००. बेरीज २५,२००. "उरलेले पुढचं बिऱ्हाड आलं की लगेच देतो हं," असे म्हणून त्यांनी किल्ली खिशात टाकली.

इकडे नव्या घराची किल्ली अनामत दिल्याशिवाय मिळत नाही, आणि जुन्या घराची अनामत किल्ली दिल्याशिवाय मिळत नाही. या दोन किल्ल्यांच्या मध्ये माझ्या पाटल्या बँकेत गेल्या. एजंटाचे एक महिन्याचे भाडे आणि ट्रकवाल्याची हमाली यांची तर गोष्टच नको.

"पैसे मिळेपर्यंत जागा सोडायचीच नाही!" असा सल्ला शेजारच्या वहिनींनी दिला. वहिनींचे बालपण वाड्यातले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली भाडी गोठलेली होती आणि एकदा मिळालेली जागा पिढ्यान्‌पिढ्या कोणी सोडीत नसे. जागा सोडायचीच नाही म्हटल्यावर अनामत परत कशी मिळेल ही चिंता कशाला? पण आम्ही लीव्ह अँड लायसन्सवाले. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात एक २४ वे कलम आहे. मुदत संपल्यावरही जागा अडवून बसणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई घेता येते. मालकाने अनामत अडवली तर त्याने कोणत्या दराने द्यावे, हे मात्र ते कलम सांगत नाही. मी ते दोनदा वाचले. मराठीची प्राध्यापिका असल्याने ओळींच्या मधले वाचण्याची सवय आहे, पण तिथेही काही नव्हते.

'अनामत' हा मूळचा अरबी शब्द, 'अमानत'चा भाऊ. विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. वस्तू ज्याची त्याचीच राहते, सांभाळणारा फक्त सांभाळतो. डिपॉझिट म्हटले की हा अर्थ निसटतो आणि ती रक्कम भाड्याचेच मोठे भावंड वाटू लागते. गंमत अशी की सरकारला मात्र ती रक्कम नीट दिसते. करारावर मुद्रांक शुल्क लावताना परत मिळणाऱ्या अनामतीवर सालीना १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात आणि त्या एकूण रकमेवर ०.२५ टक्के शुल्क घेतात. म्हणजे माझ्या लाखावर वर्षाला दहा हजार व्याज होते हे सरकारने चार वेळा कागदावर मांडले. मला ते एकदाही भेटले नाही.

मी मालकांना पत्र लिहिले. करारातच 'नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून' असे शब्द होते, ते अधोरेखित केले. केंद्राने २०२१ साली जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्याचाही दाखला दिला. वेगळे काही ठरले नसेल तर भिंतींची रंगसफेदी त्यात मालकाकडे आहे. नळाचे वॉशर, मोऱ्या, दिव्यांची बटणे, फुटलेली तावदाने ही बिऱ्हाडकरूकडे. राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी आणि जागा ताब्यात घेण्याच्या दिवशीच ती परत करावी, असेही त्यात आहे. अर्थात तो केवळ नमुना, राज्याने स्वीकारला तरच त्याचा कायदा व्हायचा. चार दिवसांनी मालकांचा निरोप आला : भोके माफ. रंग कायम.

आता जे सांगणार आहे ते सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला.

आषाढात, मी रोज त्या पैशांची वाट पाहत असताना, मिरजेहून आईचा फोन आला. आमच्या घराच्या माडीवर तिने एक बिऱ्हाड ठेवले होते, इस्पितळातल्या एक सिस्टर. त्यांची बदली कोल्हापूरला झाली. "तू ये आणि हिशेब कर. तुला आता अनुभव आहे," आई म्हणाली.

मी गेले. माडीवर चढले. खिडकीजवळचा रंग सुटला होता, दाराच्या चौकटीवर मुलाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. आणि वाचकहो, मी खिळे मोजू लागले. नऊ होते. खाली येईपर्यंत मनात चार हजारांची वजाबाकी तयार होती. खिडकीजवळची ओल आमच्याच टाकीची, हे तेव्हा मला आठवले नाही.

"त्यांचे तीस हजार कुठं ठेवलेस?" मी विचारले.

"ठेवलेत कुठं! पहिल्याच पावसाळ्यात गच्ची गळायला लागली, त्यात गेले," आई म्हणाली. "दुसरी कोणी आली की देऊ म्हणावं. चार दिवसांनी काय बिघडतं?"

वाक्य ओळखीचे होते. कोथरूडच्या त्या सौम्य गृहस्थांची पेन्सिल मला त्या क्षणी समजली. त्यांच्याकडेही लाख रुपये नसणार. कोणाच्या तरी गच्चीत, फीमध्ये, औषधात ते केव्हाच गेले असणार. जितकी भोके जास्त, तितकी करायची तजवीज कमी!

आईचा करार म्हणजे वहीचे एक पान. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत बिऱ्हाडकरूचा शब्द धरायचा. सिस्टरांना हे ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा त्या नुसत्या हसल्या. "आजींशी कुठं भांडू ताई? विजेचं बिल तेवढं राहिलंय, सहाशे चाळीस. ते कापा."

कॉलेजच्या पतपेढीतून कर्ज काढून मी त्यांना २९,३६० रुपये पाठवले. आमचे हे म्हणाले, "म्हणजे आपले अडकलेत आणि आपण कर्ज काढून दुसऱ्याचे देतोय!" मी उत्तर दिले नाही, कारण हिशेब बरोबर होता. आई दोन दिवस माझ्याशी तुटकच बोलत होती. मालकांचे ७६,५०० श्रावण सरता सरता आले. पाटल्या सुटल्या.

नव्या घरात सामान उतरवण्याआधी मी प्रत्येक भिंतीचा, नळाचा आणि दाराचा फोटो काढला आणि मालकीणबाईंपुढे यादी ठेवली : हॉलमध्ये जुने खिळे पाच, न्हाणीघराचा आरसा डावीकडे तडकलेला, स्वयंपाकघराचा ओटा धड. त्यांनी चष्मा लावून यादी सावकाश वाचली, सही केली आणि खाली आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली : 'गॅलरीत तुळस एक, जिवंत.'