गोळीच तर आहे!

31 जानेवारी 2021, पल्स पोलिओचा रविवार. हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालच्या 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. उलट्या सुरू झाल्या, मुलं यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल झाली. सगळी वाचली. मग नेहमीप्रमाणे निलंबनाची चर्चा.

मला प्रश्न पडतो तो टेबलाचा. पोलिओची कुपी एवढीशी असते. सॅनिटायझरच्या बाटलीशी तिचं काहीच साम्य नाही. पण कोरोनाच्या त्या दिवसांत सॅनिटायझर बूथवर ठेवणं नियमानंच आलेलं. लस आणि सॅनिटायझर हाताच्या अंतरावर, समोर रांग, आणि वाचायला फुरसत कुणाला? कर्मचारी बदलला तरी टेबल तसंच राहिलं तर काय उपयोग?

इंजेक्शन म्हटलं की सगळे सावध होतात. तोंडावाटे द्यायचं औषध मात्र, थेंब असोत की गोळी, ‘गोळीच तर आहे’ म्हणून उरकलं जातं. नर्सिंगमध्ये लेबल तीनदा वाचायला शिकवतात: बाटली उचलताना, औषध काढताना, परत ठेवताना. पेशंटचं नाव आपण घ्यायचं नाही, त्याच्याकडून वदवून घ्यायचं. ‘तुम्ही नामदेवराव ना?’ म्हटलं की कमी ऐकू येणारे आजोबाही मान हलवतात. आणि संत नामदेवांच्या नरसीच्या आमच्या हिंगोली जिल्ह्यात एकाच वॉर्डात दोन नामदेव निघाले तर नवल नाही! हळूहळू विरघळणारी गोळी कुटायची नाही. एक ते दोन वर्षांच्या बाळाला जंताची अर्धी गोळी चुरून पाण्यातून द्यायची, रडत असेल तर थांबायचं. गोळी स्टुलावर ठेवून पुढं जायचं नाही, गिळेपर्यंत उभं राहायचं. सही त्यानंतर.

हे सगळं सिस्टरना पाठ असतं. पण एका हातात ट्रे, पन्नास पेशंट, आणि दर मिनिटाला ‘सिस्टर, सलाईन संपली’, ‘सिस्टर, साहेब बोलावतायत’. अशात तिसऱ्यांदा लेबल वाचणं हेच पहिलं सुटतं.

म्हणून माझी मागणी बिनपैशाची आहे. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयापासून वसमत, कळमनुरीपर्यंत प्रत्येक वॉर्डात पाटी लावा: औषधांचा राउंड चालू असताना सिस्टरना हाक मारू नये. नातेवाइकांनी तर नाहीच, डॉक्टरांनीही नाही.