हिरड्यासुद्धा गोऱ्याच हव्यात?



गेल्या महिन्यात वस्तीतली एक मुलगी अभ्यासिकेत माझ्याशेजारी येऊन बसली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हळूच म्हणाली, "ताई, हिरड्या गोऱ्या करता येतात का?" तिला बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं होतं, मुलगी हसली की काळं दिसतं. पाहुणे शिकलेले, बौद्ध, घरात बाबासाहेबांची तसबीर लावणारे. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

आधी विज्ञान. हिरडीच्या आवरणात तळाच्या थराला मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. काळ्या आणि गोऱ्या माणसांत त्यांची संख्या साधारण सारखीच. त्या किती मेलॅनिन बनवतात त्यावर रंग ठरतो. लहानपणापासून दोन्ही बाजूंना सारखा दिसणारा काळसरपणा हा आजार नव्हे.

तरीही उपचार मिळतात. भूल देऊन हिरडीचा वरचा थर स्काल्पेलने खरवडतात, फिरत्या बरने घासतात, लेसरने काढतात किंवा अतिथंड करून नष्ट करतात. जखम साधारण एक-दोन आठवड्यांत भरते. पण कडेच्या पेशी पुन्हा आत सरकतात आणि रंग परत येऊ शकतो, कुणाला काही महिन्यांत, कुणाला काही वर्षांनी. हिरडी पातळ असेल आणि खरवड खोल गेली, तर ती मागे सरकण्याचा, हाड उघडं पडण्याचा धोका असतो. पैसे भरण्याआधी हे सगळं डॉक्टरांना विचारायचा आपला हक्क आहे. आणि दात साफ करण्याच्या नेहमीच्या स्केलिंगने हा नैसर्गिक रंग जात नाही.

खरी काळजी वेगळ्या गोष्टींची करावी. एकाच जागी नवा काळा डाग आला, तो वाढू लागला, किंवा हिरड्यांचा रंग अचानक बदलला, तर लगेच दाखवा. विडी-सिगारेटनेही हिरड्या काळवंडतात. सवय सुटली की तो काळेपणा हळूहळू कमी होऊ शकतो. आपल्या आया-आज्यांची मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. विडी-सिगारेटमुळे हिरड्यांतून रक्त येणं कमी होतं, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे, आणि आत आजार वाढत राहतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. वस्तीतून तिथे तपासणीला किती जण जातात? रंगाची चौकशी करणारे सासूच्या हलणाऱ्या दातांची चौकशी का करत नाहीत?

आता मूळ मुद्दा. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचताना बाबासाहेबांनी युरोपीय अभ्यासकांना सुनावलं होतं की, तुमच्याच मनात वर्णद्वेष आहे म्हणून तुम्हाला जातीचं मूळ रंगात दिसतं. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी शरीराच्या मोजमापांचीच आकडेवारी घेऊन अस्पृश्य हा वेगळा वंश असल्याचा सिद्धांत खोडला. चेहरामोहरा पाहून माणसाची पायरी ठरवता येत नाही, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडलं. आणि आपण? आपल्याच वधू-वर मेळाव्यांच्या फॉर्मवर उंचीच्या खाली रकाना असतो: 'वर्ण'. पर्याय: गोरा, निमगोरा, सावळा. चातुर्वर्ण्य नाकारून धम्म स्वीकारलेल्या समाजाच्या कागदावर हा शब्द, आणि तो भरताना कुणाचा हात थांबत नाही!

कुणी म्हणेल, ताई, हा वैयक्तिक निवडीचा प्रश्न आहे. मान्य. सज्ञान मुलीने सगळं समजून, स्वतःच्या इच्छेने उपचार घेतला तर तिला नावं ठेवणारी मी कोण? पण पोहे खाऊन गेलेल्या पाहुण्यांच्या एका वाक्यामुळे निरोगी हिरडी खरवडून घ्यावीशी वाटणं, याला निवड म्हणत नाहीत. मुलाच्या हिरड्या कुणी पाहिल्या होत्या का?

म्हणून कार्यकर्त्यांना एकच विनंती. पुढच्या मेळाव्याचा फॉर्म छापायला जाण्याआधी तो रकाना काढा. त्याला खर्च शून्य आहे आणि भूलही द्यावी लागत नाही.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "विचार करते ताई." विचार तिचा आहे. फॉर्म मात्र आपला आहे.