औषध मिळाले, पथ्याचे काय?

रुग्णालयातून घरी परतणाऱ्या माणसाच्या हाती औषधांच्या चिठ्ठीबरोबर आहाराचाही एक कागद पडतो. मीठ कमी, तेल बेताचे, साखर वर्ज्य, अमुक फळ चालेल, तमुक चालणार नाही. औषधांची चिठ्ठी औषधविक्रेता वाचतो आणि गोळ्या मोजून देतो. आहाराचा कागद वाचून त्याप्रमाणे ताट वाढणारे घरी कोणी आहे की नाही, याची चौकशी करण्याची मात्र कोणालाच गरज वाटत नाही. आपल्या आरोग्यव्यवस्थेतील ही उणीव वरकरणी लहान दिसते; पण दीर्घ आजाराने गांजलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य पुष्कळदा तिच्यावरच ठरते.

बडोद्याच्या जुन्या शहरातील वाडी हा भाग आमच्या काही वाचकांना आप्तेष्टांच्या निमित्ताने परिचित असेल. गायकवाडी राज्यात नोकरी-चाकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबे त्या शहरात पिढ्यान् पिढ्या नांदली. आज अशा जुन्या वस्त्यांतील कित्येक घरांचे चित्र आमच्या गोमंतकातील वा कोकणातील घरांहून निराळे नाही. मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी. मागे दोन वृद्ध माणसे. त्यांपैकी एकाला मधुमेह, दुसऱ्याचे मूत्रपिंड थकलेले. जो आजारी तोच स्वयंपाकाला उभा. डबा लावावा म्हटले तर डबे पुष्कळ मिळतात; पण ते साऱ्या गिऱ्हाइकांसाठी एकाच पातेल्यातून भरलेले असतात.

पथ्य म्हणजे बेचव जेवण, अशी सोपी समजूत आहे. वस्तुतः पथ्य हे मोजमापाचे काम आहे. मूत्रपिंडाचा विकार असून डायालिसिस सुरू झालेला नाही, अशा रुग्णाला बहुधा डाळी-कडधान्ये बेताने खाण्यास सांगतात. डायालिसिस सुरू झाले की उलट प्रथिने वाढवावी लागतात, कारण त्या क्रियेत काही प्रथिने शरीराबाहेर जातात. एरवी आजाऱ्याला प्रेमाने दिलेले शहाळे अशा रुग्णाला पोटॅशियममुळे घातक ठरू शकते. मीठ कमी करायचे म्हणून घरात ‘कमी सोडियमचे’ मीठ आणले, तर त्यात सोडियमच्या जागी बव्हंशी पोटॅशियमच असते. आणि सैंधव निर्धोक मानून वापरावे, तर तेही मुख्यतः सोडियमचेच मीठ. इन्शुलिन घेणाऱ्याला जेवणास तासभर उशीर झाला तरी साखर उतरून भोवळ येऊ शकते. तेव्हा डब्यात काय आहे याइतकेच तो केव्हा पोहोचतो, हेही महत्त्वाचे. एवढे सारे एकट्या वृद्धेने सांभाळावे, ही अपेक्षा अवास्तव आहे.

अमेरिकेत या प्रश्नाला एड्सच्या साथीने तोंड फोडले. न्यूयॉर्कमध्ये ‘गॉड्स लव्ह वुई डिलिव्हर’ व सॅन फ्रान्सिस्कोत ‘प्रोजेक्ट ओपन हँड’ या संस्थांनी १९८५ मध्ये अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या दारी जेवण पोहोचविण्यास आरंभ केला. पुढे हृदय, मूत्रपिंड व कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली वेगवेगळे डबे तयार होऊ लागले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील २०१९ च्या एका अभ्यासात असे डबे घेणाऱ्यांचे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतर तुलनीय रुग्णांपेक्षा ४९ टक्क्यांनी, तर वैद्यकीय खर्च १६ टक्क्यांनी कमी आढळला. तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मधुमेह्यांना शिधा व सल्ला देण्याच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यात रक्तातील साखर इतर रुग्णांहून विशेष अधिक उतरल्याचे दिसले नाही. शिधा निराळा आणि शिजवून, मोजून दारी आलेले जेवण निराळे, हे खरे. तरीही नुसत्या सद्हेतूवर विसंबू नये, परिणाम तपासावा, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आपल्याकडे हे तत्त्व अपरिचित नाही. झारखंडमधील क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्याने त्यांच्यातील क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये सिद्ध झाले. केंद्र सरकार २०१८ पासून क्षयरुग्णांना पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देत आले; नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. म्हणजे अन्न हा उपचाराचा भाग आहे, हे सरकारने एका रोगापुरते मान्य केले आहे. २०१६ पासून डायालिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. २०१८ च्या आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. रुग्णालयात पडल्यावर लाखांची तरतूद, आणि तेथे पडू नये म्हणून लागणाऱ्या डब्याला छदाम नाही, हा हिशेब आम्हाला उलटा वाटतो.

बडोद्याला हा हिशेब सुलटा करणे शक्य आहे. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अन्न व पोषण शास्त्राचा नामांकित विभाग आहे. सयाजीरावांच्याच नावाचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. आणि हाताला चव असलेल्या, उद्योगाच्या शोधात असलेल्या स्त्रिया तर गल्लोगल्ली आहेत. यांची सांगड तेवढी घालावयाची आहे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण सयाजीरावांनी १८९३ मध्ये प्रथम अमरेलीच्या भागात आजमावले आणि १९०६ मध्ये सर्व राज्याला लागू केले. तोच क्रम येथे चालावा. वाडीत एक स्वयंपाकघर, एक आहारतज्ज्ञ, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिलेले पन्नास डबे, ऐपतीप्रमाणे आकार, दरमहा वजन व रक्ताची तपासणी आणि वर्षअखेर जाहीर हिशेब, एवढ्यावर आरंभ करता येईल. मात्र डब्यात घरची भाकरी आणि घरच्यासारखी आमटीच हवी. न खाता परत गेलेले जेवण कितीही शास्त्रशुद्ध असले तरी ते पथ्य नव्हे.

बडोद्याला हे सांगताना आम्ही स्वतःला वगळू इच्छित नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यातच आढळले. आमच्या देवस्थानांत महाप्रसादाच्या पंगती उठतात, आणि त्या उठाव्यातही. परंतु पंगतीपर्यंत चालत येण्याचे त्राण ज्याच्यात उरलेले नाही, अशा यजमानाच्या दारी त्याला सोसेल असे ताट पोहोचविणे, हेही अन्नदानच आहे. देवस्थान समित्यांनी, महिला मंडळांनी आणि सरकारच्या आरोग्य खात्याने याचा एकत्र विचार करावा. भुकेल्याला अन्न देण्याची रीत आपल्याला नव्याने शिकायची नाही. आजाऱ्याला त्याचे अन्न देण्याची शिकायची आहे.