जात टाकलेल्या आजोबांची जात शोधताना

सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. उर्दू, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर हैदराबाद गॅझेटियर हा शब्द पारावर पोचला. पणजोबांचे नाव लोक हौसेने शोधत नाहीत. मुलांचा प्रवेश, फी, नोकरी आणि राखीव जागेवरची उमेदवारी त्यावर अडलेली असते.

पाटोद्याच्या बौद्ध तरुणाला ही धावपळ नवी नाही. अनुसूचित जातीच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख आहे. त्याआधीचा पुरावा आणि वडिलांकडची वंशावळ मागितली जाते. दावा सिद्ध करण्याची जबाबदारी २००१ च्या कायद्याने अर्जदारावरच टाकली आहे. १९५० साली पाटोदा हैदराबाद राज्यात होते आणि निजामाच्या राजवटीतले सरकारी दप्तर उर्दूत होते. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा भक्कम पुरावा समजतात. पण ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांचा उतारा येणार कुठून? जमीनच नाही, तर जमिनीच्या कागदावर नाव कसे असेल? त्यात हा ऊसतोड कामगारांचा तालुका. वर्षातले कित्येक महिने बिऱ्हाड कारखान्याच्या फडावर, मग कागद जपायचे कोणी?

याहून मोठा पेच पुढे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या कितीतरी आजोबांनी मुलाचे नाव शाळेत घालताना जातीच्या रकान्यात अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिले. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या सवलती बौद्धांनाही मिळाल्या, पण पुरावा मूळ जातीचाच लागतो. आजोबांनी जी जात टाकली, तीच नातवाला दप्तरात धुंडाळावी लागते.

म्हणून पूर्वजांचा शोध कागदापाशी थांबवू नका. बाबासाहेबांनीही पूर्वज शोधले. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यांचे पूर्वज मूळचे बौद्ध होते, असा सिद्धांत मांडला. कुळाचा मोठेपणा मिरवणे हा त्यामागचा हेतू नव्हता. अस्पृश्यता कुठून आली, हे त्यांना शोधायचे होते.

आज दोन कामे हाती घ्यावीत. कुणबी नोंदींसाठी यंत्रणा कामाला लागू शकते, तर मराठवाड्यातले सगळेच जुने उर्दू-मोडी दप्तर, सर्व जातींच्या नोंदींसह, स्कॅन करून खुले करा, अशी मागणी तहसीलपासून मंत्रालयापर्यंत लावून धरावी. आणि वस्तीतल्या ऐंशी वर्षांच्या आजीसमोर मोबाईल ठेवावा. दीक्षा कधी घेतली, कोणती गावकीची कामे सोडली, बहात्तरच्या दुष्काळात कुठे खडी फोडली, नामांतराच्या लढ्यात घरातून कोण गेले, हे तिला विचारावे. सरकारी दप्तरात आजोबांची फक्त जात सापडेल. ती त्यांनी कशी झुगारली, हे आजीच सांगेल. ती आहे तोवर विचारा.

जय भीम!