सांडवा कुणाच्या वाट्याला?

दिवाळीपासून हा विषय डोक्यात घोळतोय. लिहू की नको असं चाललं होतं, कारण हा ब्लॉग आमच्या भावकीतले बरेच जण वाचतात आणि विषय भावकीचाच आहे. पण गप्प बसलो तर पुढचा पावसाळा येईल आणि पुन्हा सगळे "काही होत नाही" म्हणून मोकळे होतील. तेव्हा घरच्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं, मग फोन करावा.

आमचं गाव कंधार आणि अहमदपूरच्या मधलं. जिल्हा नांदेड, पण निम्मी सोयरीक लातूरकडची. शेतात आमचं स्वतःचं एक तळं आहे. 1972 च्या दुष्काळात गावोगाव पाझर तलाव आणि नालाबांधाची कामं निघाली. आबा, म्हणजे आमचे आजोबा, अशाच एका कामावर जायचे. तिथं बघून बघून ते शिकले आणि पुढे चार वर्षांनी स्वतःच्या ओढ्यावर त्यांनी मातीची पाळ घातली. आत काळ्या चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांनी मुरूम, पाण्याच्या बाजूला दगड. काळी माती पाणी धरते, पण उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून तिच्यावर मुरमाचं पांघरूण. आणि एका टोकाला, कठीण जमिनीत, रुंद सांडवा. "पाणी अडवायच्या आधी त्याला जायची वाट करून ठेवावी," असं ते म्हणायचे. लहानपणी आम्हाला हे त्यांच्या इतर शंभर बोधवाक्यांपैकी एक वाटायचं.

तळं मोठं नाही. पसारा तीन एकरांचा, सरासरी सहा-साडेसहा फूट पाणी. पण परवा सहज हिशोब मांडला तर आकडा आला दोन कोटी चाळीस लाख लिटर. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, आठवतंय ना? तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे तशा अठ्ठेचाळीस गाड्या आमच्या शेतात एका मातीच्या ढिगाऱ्याच्या भरवशावर उभ्या असतात. आणि त्या ढिगाऱ्याखाली दोन आखाडे आहेत, त्यांच्या खाली ओढ्याकाठची वस्ती.

आबा गेले, वाटण्या झाल्या. जमीन तिघांत गेली. तळ्याच्या पाण्याचे दिवस ठरले, मोटारी कुठे बसवायच्या ते ठरलं, इतकंच काय, पाळीवरच्या दोन आंब्यांचीसुद्धा वाटणी झाली. पण पाळीची डागडुजी कुणी करायची, सांडवा कुणी साफ ठेवायचा, यावर एक ओळ लिहिली गेली नाही. सांडवा ज्याच्या तुकड्यात आला त्याच्या दृष्टीने ती वाया गेलेली जमीन. त्याने हळूहळू त्यात सोयाबीन पेरायला सुरुवात केली. पाणी सोडायचा खालचा लोखंडी पाइप कधीचाच गंजून बसलाय. आणि 2016 चा उन्हाळा सोसल्यावर दुसऱ्या चुलतभावाने उरलेल्या सांडव्यावर मुरमाची पोती रचून तो हातभर उंच केला. का, तर हळदीला दोन पाणी जास्तीचे मिळतात.

त्याला दोष देणं सोपं आहे. मी पुण्यात नळाचं पाणी पितो, मला काय जातंय बोलायला! ज्याने टँकरच्या रांगेत रात्र काढली आहे त्याला डोळ्यांदेखत वाहून जाणारं पाणी बघवत नाही. आपल्या मराठवाड्याची सगळी शिकवण पाणी कसं अडवायचं याची आहे. जास्तीचं पाणी कसं सोडायचं, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

मग 2025 चा ऑगस्ट आला. शेजारच्या मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ या गावांत रात्रीतून पाणी शिरलं, माणसं दगावली, लष्कर बोलवावं लागलं, हे सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. त्याच पावसात आमचं तळं भरलं. रात्री दोनला चुलतभावाचा फोन आला, "दादा, पाळीला वीतभर राहिलंय, काय करू?" मी इतक्या लांबून काय सांगणार? सांगितलं, "पोती काढ. आधी खालच्यांना उठव, मग पोती काढ." त्याने आणि चार पोरांनी बॅटरीच्या उजेडात, कमरेला दोर बांधून, टिकाव-फावड्याने सांडवा मोकळा केला. सोयाबीन गेलं. पाळ राहिली.

दिवाळीत गेलो तेव्हा खालच्या आखाड्यावरच्या म्हातारीला भेटलो. त्या रात्री नातवंडांना घेऊन ती टेकाडावर भिजत बसली होती. भांडली नाही, ओरडली नाही. चहा दिला आणि एवढंच म्हणाली, "पाणी तुमचं हाय बाबा, भ्याव मातर आमचं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, म्हणून हा लेख.

मातीचं धरण फुटतं ते बहुतेक दोन कारणांनी. एक, पाणी वरून वाहतं आणि माती धुऊन नेतं. दुसरं, पाणी आतून वाट काढतं. घूस, खेकडे यांची बिळं किंवा वठलेल्या बाभळीची कुजलेली मुळं त्याला आयती नळी करून देतात. पाळीच्या पायथ्याशी थोडं स्वच्छ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवावं. तेच पाणी गढूळ यायला लागलं तर समजावं की पाळ आतून चालली, आणि खालच्या माणसांना हलवावं. 2 जुलै 2019 ला रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं आणि देशभर हसं झालं. खेकडे मातीत बिळं करतात हे खोटं नाही, पण ते बुजवायला माणूस लागतो आणि तो नेमायला मालक लागतो. ते धरण तर सरकारी होतं. खासगी पाळीचं काय?

अमेरिकेत जॉन्सटाउन गावाच्या वर असंच एक मातीचं धरण होतं, श्रीमंतांच्या एका शिकार-मासेमारी क्लबच्या मालकीचं. पाणी सोडायचे पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते. क्लबने बग्गी नीट जावी म्हणून पाळीचा माथा खाली घेतला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या बसवल्या. 31 मे 1889 ला धरण फुटलं आणि बावीसशेहून अधिक माणसं मेली. वाचताना मला आमचा गंजलेला पाइप आणि मुरमाची पोतीच दिसत होती. त्यांना मासे हवे होते, आम्हाला हळद.

आपल्याकडे 2021 चा धरण सुरक्षा कायदा आहे, पण तो पंधरा मीटरहून उंच धरणांसाठी आणि काही अटींत बसणाऱ्या दहा ते पंधरा मीटरच्या धरणांसाठी. आमच्या दोन पुरुष उंचीच्या पाळीला त्यात जागा नाही. इंग्लंडमध्ये पंचवीस हजार घनमीटरपासून पुढचे जलाशय कायद्याने तपासले जातात. आमचं तळं त्या रेषेच्या जेमतेम आत.

लगेच कुणीतरी म्हणेल, झालं, आता शेततळ्यालाही परवाना, म्हणजे चिरीमिरीची नवी खिडकी. ही भीती मलाही आहे, म्हणून परवाना मागतच नाही. ग्रामपंचायतीत एक वही असावी. गावात कुणाकुणाची पाळ आहे, खाली कोण राहतं, त्यांचे फोन नंबर काय, आणि वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, पाळीवरून चक्कर मारून आलेल्या माणसाची सही. तपासणारा जाणकार मिळाला तर सोन्याहून पिवळं. पण सांडवा मोकळा आहे की नाही हे बघायला इंजिनिअर लागत नाही.

आणि सरकारच्या आधी आपलं घर. 1868 साली इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनाने एका गिरणीवाल्याच्या तळ्याबद्दल निकाल दिला होता. तळं फुटून शेजाऱ्याच्या खाणीत पाणी गेलं. मालकाचा स्वतःचा हलगर्जीपणा सिद्ध झाला नाही, तरी भरपाई त्यालाच द्यावी लागली. कारण धोक्याची वस्तू ज्याने आपल्या जमिनीवर आणून ठेवली, ती सुटली तर जबाबदारी त्याची. आपल्याकडे वकिलीच्या वर्गात हा निकाल अजून शिकवतात. आबांनी न शिकताच तो पाळला होता.

तर भावकीला माझं म्हणणं एवढंच. सांडव्यात पेरणी बंद. त्या तुकड्याचं जे नुकसान होईल ते तिघांनी मिळून दरसाल भरून द्यायचं, कारण त्याच्या जमिनीवर आपल्या तिघांचं तळं उभं आहे. गाळ काढायला जेसीबी आला तर पाळीच्या पायथ्यापासून लांब खोदायचं, पायाची माती उकरायची नाही. कोवळ्या बाभळी आताच उपटायच्या. मोठ्यांना मात्र जाणकाराला दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही. पाइपाचा खर्च वाट्याप्रमाणे, माझा वाटा मी पहिला टाकतो. आणि हे सगळं वाटणीच्या कागदाला जोडून लिहून, तिघांनी सह्या करायच्या.

हळदीचं एखादं पाणी कमी पडेल, ते मला मान्य आहे. पण पुढच्या दिवाळीत त्या आखाड्यावर चहा प्यायला जाईन तेव्हा म्हातारीला सांगण्यासारखं काहीतरी हातात असावं, एवढी इच्छा आहे.

आता करा फोन.