संगणकाच्या अंगणात : बटणं ठेवायची पाटी कुठे गेली?

मुलांनो, आठवीतल्या एका वाचकमित्राचं दोन पानी पत्र आलं आहे. त्याच्या मावसभावाने घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून दिलं आणि सोबत आपलं जुनं टिपणही दिलं. त्यात लिहिलं होतं, 'बिल्डर उघड. बाजूच्या यादीतून बटण उचल आणि मधल्या कोऱ्या पाटीवर ठेव.' आपल्या मित्राने बिल्डर उघडला. पण यादीही नाही आणि पाटीही नाही, नुसत्या अक्षरांच्या ओळी! त्याने तीनदा बिल्डर काढून पुन्हा घातला. शेवटी विचारतो, "बाई, माझंच काहीतरी चुकतंय ना?"

नाही रे बाबा, तुझं काही चुकलेलं नाही. ती पाटी खरंच काढून टाकलेली आहे. का काढली, ते आज सांगते. बाकीच्यांनीही ऐका, कारण मोबाइल तर सगळेच हाताळता.

मोबाइलमधलं गणकयंत्र डोळ्यांसमोर आणा. वर उत्तराची पट्टी, खाली आकडे, कडेला अधिक-उण्याची बटणं. कोणतं बटण कुठे बसवायचं हे संगणकाला कोणीतरी सांगावं लागतं. बटण, यादी, लिहायची चौकट हे सामान दर वेळी नव्याने घडवत नाहीत. ते तयार मिळतं, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. सुताराला दार करताना कडी-कोयंडा बाजारातून आणता येतो ना, तसंच. राहिलं ते मांडणं. त्याचे दोन मार्ग आहेत. एक तर शब्दांत लिहून सांगायचं, नाहीतर बटण माउसने उचलून हवं तिथे ठेवायचं.

दुसरा मार्ग दिसायला फारच गोड! अमेरिकेतल्या अॅलन कूपर या माणसाने उचलून-ठेवायचं असं एक साधन बनवलं आणि १९८८ साली मायक्रोसॉफ्टला विकलं. त्याला बेसिक भाषेची जोड मिळाली आणि १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक बाजारात आलं. तुमच्यापैकी कुणाच्या आईबाबांनी कॉलेजात किंवा संगणकाच्या क्लासमध्ये ते शिकलेलं असेल. विचारून बघा, लगेच 'फॉर्मवर बटण टाकायचो' म्हणून सांगतील.

लिनक्सवर जीटीके नावाचं फ्रेमवर्क आहे. मुळात ते गिंप या चित्रं रंगवायच्या प्रोग्रॅमसाठी बनवलेलं, पुढे शेकडो प्रोग्रॅम त्याच्यावर उभे राहिले. त्याची उचलून-ठेवायची पाटी म्हणजे ग्लेड. हा ग्लेड १९९८ पासूनचा. २०१९ मध्ये तो बिल्डर या प्रोग्रॅम लिहायच्या साधनाच्या आतच बसवला गेला. आपल्या मित्राच्या हातात आलेलं टिपण त्या दिवसांतलं.

मग बिघडलं कुठे? डिसेंबर २०२० मध्ये जीटीकेची चौथी आवृत्ती आली. तिच्यात आतली रचना बरीच बदलली. पूर्वी 'दुसऱ्या वस्तू पोटात घेणारी वस्तू' असा एक खास प्रकार होता. तो प्रकारच काढला आणि कुठलीही वस्तू दुसरीला पोटात घेऊ शकेल असं केलं. ग्लेडची सगळी बैठक जुन्या रचनेवर. तो नव्या आवृत्तीत यायचा तर पायापासून बांधायला हवा होता आणि हे काम करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ते झालं नाही.

त्यात आणखी एक अडचण. तिसरी आणि चौथी आवृत्ती एकाच चालत्या प्रोग्रॅमच्या पोटात एकत्र राहू शकत नाहीत. २०२२ मध्ये बिल्डर स्वतः चौथ्या आवृत्तीवर गेला. ग्लेड तिसरीतच. दोघांना एका घरात राहणंच अशक्य झालं, आणि ग्लेड बाहेर पडला. कुणाला पाटी आवडत नव्हती म्हणून एका रात्रीत फेकून दिली, असं घडलेलं नाही.

पण एक गंमत सांगते. ग्लेडमधली पाटी व्हिज्युअल बेसिकसारखी नव्हतीच. कोऱ्या खिडकीत बटण ठेवलंत की ते फुगून अख्खी खिडकी व्यापायचं! मुलं घाबरायची, बटणाला कोपऱ्यात ढकलायला बघायची. ते हलायचंच नाही. कारण जीटीकेला 'डावीकडून इतक्या अंतरावर' ही भाषा फारशी रुचत नाही. त्याला सांगावं लागतं, एक उभी पेटी घे, तिच्यात वर पट्टी ठेव, खाली आडवी पेटी, त्या आडव्या पेटीत तीन बटणं.

एवढा खटाटोप कशाला? 'ओके' लिहिलेलं चिमुकलं बटण आठवा. त्याचं मराठी करून 'ठीक आहे' लिहा. मावलं का? बटणाची लांबीरुंदी पक्की ठोकून ठेवली असेल तर 'ठीक' दिसेल आणि 'आहे' कापलं जाईल. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, खाली उकार. उंचीही जास्त लागते. पेट्यांच्या मांडणीत शब्द लांबला की बटण आपोआप रुंद होतं आणि शेजारची सरकून घेतात. रांगोळीचा छापा अंगणाएवढा मोठा होत नाही. ठिपक्यांची रांगोळी मात्र ठिपके वाढवले की हवी तेवढी होते. शिवाय 'पंधरा ते आठ ठिपके' एवढं सांगितलं तरी शेजारच्या ताईला कळतं, चित्र पाठवावं लागत नाही.

म्हणूनच पुष्कळ जण आधीपासून ग्लेड बाजूला ठेवून मांडणी हाताने लिहीत होते. पेट्यांचं गणित तर दोन्हीकडे शिकावंच लागायचं. शिवाय ग्लेड फाइलमध्ये नको तितक्या ओळी स्वतःच लिहून ठेवायचा. दोघे मिळून काम करत असले की कुणी काय बदललं ते शोधताना डोळे दुखायचे.

हे सगळं खरं. तरी मला ती पाटी गेल्याचं वाईट वाटतं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. ज्या मुलाला वस्तूचं नावच माहीत नाही, त्याने ती शब्दांत मागायची कशी? ग्लेडमध्ये बाजूला सगळं सामान मांडलेलं असायचं, दुकानातल्या फळीसारखं. बघता बघता कळायचं, अरे, सरकपट्टी नावाचंही काही असतं! कोऱ्या ओळीसमोर बसलेल्या मुलाला हे कुठून कळणार? मोठ्या माणसांना हात सरावला की ही अडचण आठवत नाही.

आमच्या चौथीच्या वर्गात मी एक खेळ घेतला. एका मुलीला गणकयंत्राचं चित्र दिलं. तिने ते फक्त तोंडी सांगायचं आणि एका मुलाने फळ्याकडे तोंड करून काढायचं. ती म्हणाली, "खाली बटण काढ." त्याने थेट फळ्याच्या तळाशी काढलं. वर्ग हसून हसून लोटपोट! मग ती वैतागून म्हणाली, "अरे, आधी मोठा चौकोन काढ, त्याच्या पोटात चार ओळी कर, प्रत्येक ओळीत चार घरं कर." मुलाने ओळी आखल्या आणि पाच मिनिटांत चित्र जमलं. पेटी हा शब्द मी तिला शिकवलेला नव्हता.

आता पत्र लिहिणाऱ्या मित्रा, तुझ्यासाठी दोन वाटा आहेत. पाटीच हवी असेल तर कांबालाचे नावाचं साधन आहे. अर्जेंटिनाच्या हुआन पाब्लो उगार्ते यांनी ते बनवलंय. हेच गृहस्थ पूर्वी ग्लेडची देखभाल करायचे. त्यांनी युक्ती काय केली? मांडलेली खिडकी वेगळ्या प्रोग्रॅममध्ये चालवायची आणि आपल्याला तिचं रूप तेवढं दाखवायचं. त्यामुळे तिसरी आवृत्ती असो की चौथी, भांडण होत नाही. २०२१ मध्ये ते लोकांसमोर आलं.

दुसरी वाट म्हणजे लिहिण्याची. ब्लूप्रिंट नावाची एक छोटी भाषा आहे, तिच्यात पेटी, पेटीत बटण, बटणावर शब्द असं सुटसुटीत लिहिता येतं. मी तुझ्या जागी असते तर आधी कांबालाचेत तीन बटणं मांडली असती आणि मग त्याने लिहिलेली फाइल उघडून वाचली असती. आणि मावसभावाचं टिपण टाकू नकोस. त्यातली पेट्यांची पानं अजून कामाची आहेत, फक्त पहिलं पान बदलून लिही.

बाकीच्यांनी चौथीतला खेळ घरी करून बघा. आईला गणकयंत्र तोंडी सांगा, ती काढेल. किती वाक्यांत जमलं ते पोस्टकार्डावर कळवा. चित्रही सोबत पाठवा, फसलेलं असलं तरी चालेल.